तीन नंबरचा सेट

रजा संपवून नगरहून परतलो तेव्हा माझी बदली बर्फातल्या कंपनीत झाली होती. काम कंट्रोल सेटचं. आमच्या चर्चच्या क्वायरमधून मास्तरांनी मला आवाजावरून काढलं होतं. लष्करानं त्याच आवाजाला माईक दिला. हा किस्सा घरी पोरं आवडीनं ऐकतात. पुढचं मी त्यांना सांगत नाही.

आधी काम समजून घ्या. आमचे वायरलेस सेट चार आणि फ्रिक्वेन्सी एकच. एक सेट माझा, एकेक पोस्ट नंबर दोन आणि तीनवर, चौथा लहान, पेट्रोलबरोबर फिरणारा. हँडसेटवर एक बटण असतं, त्याला प्रेसल म्हणतात. दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर जोरदार सेट ऐकू येतो आणि दुबळा त्याच्याखाली चिरडला जातो. म्हणून कोणी कधी बोलायचं ते कंट्रोल ठरवतो. सुभेदारसाहेबांनासुद्धा मी "वेट, आऊट", म्हणजे थांबा, म्हणायचो. घरी बायको, मार्था, मला एक वाक्य पुरं करू देत नाही, त्यामुळे हा अधिकार मी चवीनं वापरायचो.

त्या दिवशी सकाळी नाईक गोरख गभाले दोन जवान घेऊन पोस्ट दोनवरून तीनकडे निघाला. गोरख अकोले तालुक्याच्या डोंगरातला, भातशेती करणाऱ्या घरचा. पाठीवर रेशन, छातीवर लहान सेट.

"कंट्रोल, पेट्रोल. मूव्हिंग. ओव्हर."

"पेट्रोल, कंट्रोल. रॉजर. सावकाश जा रे, माझं पत्र आहे तुझ्याकडे. ओव्हर."

"वहिनींना इतकं लिहिताय, तर समोर का गप्प असता? आऊट."

दुपारच्या आत पोस्ट दोनच्या पहारेकऱ्यानं उतारावरून पांढरा धूर उठताना पाहिला. ॲव्हलांच, हिमकडा कोसळला होता. टेलिफोनची लाईन त्याच उतारावरून जात होती, ती तुटली. मी गोरखला हाक मारणार, तोच सेटवर प्रेशर कुकरची शिट्टी वाजली.

शिट्टीमागून सेटवरच तिसगावचा लान्सनाईक बबन बोलला. तो पोस्ट तीनचा ऑपरेटर. "आरं, तूप घाल की! गोरख्या आला म्हंजी आधी शिराच मागतो."

दुसरा कुणी म्हणाला, "तूप काय तुझ्या सासऱ्यानं धाडलंय का?"

दोघं हसले. मला काय झालंय ते समजलं. थंडीत हँडसेट गोठू नये म्हणून आम्ही सगळेच तो अंगाखाली उबेला ठेवायचो. गोरखची हाक नीट ऐकू यावी म्हणून बबननं तो स्लीपिंग बॅगखाली घेतला होता आणि वर बसला होता. प्रेसल दाबलं गेलं होतं. आता तीनचा सेट नुसता बोलत होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. फ्रिक्वेन्सी त्यांच्या चुलीनं अडवली होती.

अशा वेळचं ड्रिल ठरलेलं असतं. सगळ्यांनी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं. मी गेलो. पोस्ट दोन आली.

"दोन, कंट्रोल. दोन माणसं तीनवर पळवा. बबनला उठवा. बाकीचे खणायला. ओव्हर."

"रॉजर. खणायचं कुठं? उतार लई मोठा हाय. ओव्हर."

गोरख त्या फ्रिक्वेन्सीवर आला नाही. मी पुन्हा पहिलीवर आलो. तिथे शिरा ढवळणं चालू होतं. मग मध्येच बबनचा आवाज फाटला. खर्र. थोडा वेळ स्वच्छ, पुन्हा खर्र.

मेजरसाहेब माझ्या खांद्यापाशी उभे होते. "साळवे, काय आहे ते?"

"सर, गोरख आहे. तो प्रेसल दाबतोय. जिवंत आहे."

"काय म्हणतोय?"

"शब्द येत नाहीत, सर. तीनच्या सेटखाली दबतायत."

तो नक्की कुठे आहे ते सांगत असणार. कुठल्या झेंड्याजवळ, दोराच्या कुठल्या बाजूला. एवढंच हवं होतं. आणि बटण सोडलं की मला जे ऐकू येत होतं तेच त्यालाही ऐकू येत असणार. त्याच्यासाठी केलेला शिरा, तुपाचं भांडण, त्याच्या नावानं हसणं. मी त्या सगळ्यावर ओरडलो. ओरडून उपयोग नसतो हे जवानांना शिकवणारा मीच होतो.

खरखर आधी लांब होती. मग तुटक झाली. मग दोन खरखरींमधलं अंतर वाढत गेलं. मी हेडफोन कानावर दाबून बसलो. बबन म्हणाला, "एवढा उशीर कसा काय झाला त्याला?" त्यानंतर एकदा बारीक खर्र झालं. पुढं झालं नाही.

पळत गेलेली माणसं तीनवर पोचली. धाडकन काही आपटलं, कुणी काही बोललं आणि फ्रिक्वेन्सी मोकळी झाली. इतकी मोकळी मी कधी ऐकली नव्हती.

"ऑल स्टेशन्स, सायलेन्स. पेट्रोल, पेट्रोल, कंट्रोल. सेंड. ओव्हर."

"पेट्रोल, कंट्रोल. नथिंग हर्ड. ओव्हर."

अंधार पडेपर्यंत मी हेच म्हणत राहिलो.

दोन्ही जवान काठावर फेकले गेले होते, ते वाचले. गोरख दुसऱ्या दिवशी सापडला. उजवा हात बर्फात दाबलेला, त्यामुळे फ्रिक्वेन्सीची कळ फिरवता आली नव्हती. डावा हात सेटवर. बॅटरी पूर्ण उतरलेली. बबनला कुणी एक शब्द बोललं नाही. त्याला तेच सोसलं नाही. आता तिसगावला असतो. फोन वाजला की दुसऱ्या कुणालातरी उचलायला सांगतो.

दरवर्षी मी अकोल्याहून जीपनं गोरखच्या घरी जातो. बऱ्याच वर्षांत त्याच्या वडिलांनी काही विचारलं नव्हतं. यंदा विचारलं.

"तुमी तवा मशिनीवर हुता ना? आमचा गोरख काय म्हनला?"

"बाबा, बोलत होता तो. पण शब्द आले नाहीत. नुसती खरखर आली."

"कशी?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"कशी हुती? करून दावा."

मी घशातून तो आवाज काढला. खर्र. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. दारातून गोरखची आई पुढं आली आणि भिंतीला टेकून बसली.

"हिला ऐकू आलं नाय," बाबा म्हणाले. "परत करा."

मी परत केला.