विहीर कोणी खणली

माझ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प हल्ली इतके गुळगुळीत असतात की वाचतानाच माझं डोकं उठतं. कुठे अडखळणं नाही, शंका नाही, आणि खाली संदर्भ पान क्रमांकासकट. एम.ए.च्या वर्गात मी घसा फोडून सांगते, एआयला विचारा, पण त्याने दिलेलं पुस्तक हातात घेऊन बघा. पोरं माना डोलावतात आणि होतं तसंच आणून देतात.

त्यातली एक कोल्हारजवळच्या वस्तीवरची, ख्रिस्ती घरातली. एम.ए.पर्यंत आलेली घरातली ती पहिलीच. विषय तिनेच निवडला होता, वस्तीवरच्या चर्चच्या आवारातली विहीर. गावच्या विहिरींवर यांना पाणी भरू देत नसत, म्हणून वस्तीने खपून स्वतःची खणली. त्या कामात सुरुंग उडून एकाची बोटं गेली. त्याची मुलगी, म्हणजे या पोरीच्या आजोबांची बहीण, अजून हयात होती. ते दिवस बघितलेली तेवढी एकच म्हातारी उरली होती. हे सगळं पोरगी एका दमात सांगत सुटली, म्हणून मी विषय मान्य केला.

प्रकल्प आला तेव्हा त्यात भलतंच होतं. दुष्काळात मिशनरी साहेबाने मजुरी देऊन विहीर खणून घेतली, असं एआयने लिहिलं होतं. खाली कुठल्याशा अहवालाचं नाव आणि पान. म्हातारीच्या बापाचा पत्ताच नव्हता.

"आजी सांगते ते कुठंय?" मी विचारलं.

"मॅडम, ते नुसतं ऐकीव आहे. याला रेफरन्स आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो अहवाल मी ग्रंथालयांतून शोधला, जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्यांना विचारलं. असा अहवाल कुणी कधी पाहिलेलाच नव्हता. पोरीला म्हटलं, आता जाऊन आजीला विचार आणि तिचं बोलणं रेकॉर्ड करून आण.

ती आली ती खुशीतच. "आजीपण तेच म्हणते, मॅडम."

रेकॉर्डिंगमध्ये पोरगी तोच उतारा मोबाईलवरून वाचत होती. संथ, ठाशीव आवाजात. तिचं वाचून संपलं आणि म्हातारीचा आवाज आला, "आमेन." मग म्हणाली, "व्हय, आसंच हुतं."

त्या वस्तीवर घरोघरी संध्याकाळची प्रार्थना होते. वाचता येणारा वाचतो, बाकीचे डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी आमेन म्हणतात. म्हातारीला अक्षरओळख नव्हती. घरातल्या पोरांनी जे जे वाचलं त्याला ती जन्मभर आमेन म्हणत आली होती. त्याच घरात वाढलेल्या पोरीने तिची ही सवय साक्ष म्हणून रेकॉर्ड करून आणली होती. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

पुढच्या रविवारी मी स्वतः गेले. म्हातारी ओट्यावर बसली होती, शेजारी पोरगी. काहीही वाचून न दाखवता मी विचारलं, "आजी, विहीर कुणी खणली?"

"सायबानं. पोरीनं वाचून दाखिवलं की."

"पण तुमचे वडील?"

"मला वाटायचं त्येनी खांदली. पन मी लई ल्हान हुते, बाई. लिवल्यालं खोटं कसं आसंल?"

मी समजावत राहिले. यंत्राने ते रचलंय, तुमचंच खरं. ती मला मान देऊन मान हलवत होती, अगदी त्या उताऱ्याला आमेन म्हटलं होतं तशीच. आणि मला भीती वाटली. आता तिने बापाचं नाव घेतलं असतं, तरी ते मी सांगितलं म्हणूनच घेतलं असतं. तिची स्वतःची आठवण आता कुणालाच मिळणार नव्हती.

म्हातारी हाताची बोटं चोळत बसली होती. मग तिने पोरीच्या हातातल्या मोबाईलकडे बोट केलं.

"माझ्या बापाची बोटं मंग कशानं गेली? त्येबी इचार की त्याला."

पोरीने मोबाईल पदराआड दडवावा तसा ओढणीत घेतला आणि रडायला लागली. म्हातारी उत्तराची वाट बघत होती. हात जोडून, डोळे मिटून.