मुलाची सही नको

इंटर्नशिपमध्ये मला सर्वांत जास्त भीती वाटायची ती पेशंटशी बोलण्याची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यातून स्वभाव अबोल. म्हणून कागदपत्रांची कामं मी मागून घ्यायची. अशाच एका सकाळी आमच्या सर्जन सरांनी सात नंबरच्या खाटेवरच्या काकांचं ऑपरेशनचं संमतिपत्र भरून आणायला सांगितलं.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेहामुळे उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती काढायची होती. वॉर्डात सगळे त्यांना टाळायचे. सिस्टर ताप बघायला आल्या की म्हणायचे, "ताप मोजता की हजेरी घेता?" ड्रेसिंगला नकार, आणि पायाबद्दल रोज तेच प्रश्न. उत्तर कुणी देत नसे.

काकांच्या मुलाने मला वॉर्डच्या दारातच गाठलं. "मॅडम, सही मी करतो. बाबांना ड्रेसिंगला नेतोय एवढंच सांगा. कळलं तर दवाखाना डोक्यावर घेतील."

हे सर्रास चालायचं. नातेवाईक सही करायचे, आम्हीही सुटायचो. मी पेन पुढे केलंसुद्धा. मग डोळ्यांसमोर आलं, भूल उतरल्यावर काका चादर सारून पाय बघतायत. मी पेन मागे घेतलं.

"ते शुद्धीत आहेत. त्यांनाच विचारते."

काकांनी मला न्याहाळलं. "आज तुमचा नंबर लागला वाटतं?"

मी स्टूल ओढून बसले. "काका, दोन बोटं मेली आहेत. जंतुसंसर्ग वर चढू नये म्हणून काढावी लागतील."

"उच्चारावरून विचारतो, शाळा कॉन्व्हेंट का?"

"हो."

"तरी सरळ बोलता. पाय राहील?"

"खात्री देता येत नाही. आत्ता काढली तर राहण्याची शक्यता जास्त."

"बाबा, तुम्ही कशाला…" मुलगा मध्ये पडला.

"तू गप्प बैस. कापणार माझं."

फॉर्म इंग्रजीत होता. ओळ न् ओळ मी मराठीत सांगितली. 'गरज पडल्यास अधिक शस्त्रक्रिया' यावर काकांनी बोट ठेवलं. "हे नाही. दोनच. जास्त लागलं तर उठवून विचारायचं." त्यात पुन्हा ऑपरेशनचा धोका आहे, हे मी दोनदा समजावलं. ते ऐकून त्यांनी ती ओळ खोडली, शेजारी अट लिहिली आणि सही केली.

सरांचा पारा चढला. "सही आणायला पाठवलं होतं, वाटाघाटी करायला नाही. मुलाची घे."

"नाही सर. त्यांनी धोका समजून लिहिलंय. मी दुसरा कागद भरणार नाही."

सरांनी पुन्हा वाचलं. "मग उठल्यावर काय निघालं, काय राहिलं, ते तूच सांगायचं."

"सांगेन," मी म्हटलं आणि काकांना ऑपरेशनला न्यायची ट्रॉली आणायला गेले.