कॅप्टनांचे पोहे

आमच्या शेजारच्या कॅप्टनांनी तीस वर्षं प्रवासी विमान चालवलं. आता दर रविवारी ते माझ्याबरोबर आमच्या गल्लीतल्या हॉटेलात नाश्त्याला येतात. बसल्या बसल्या विचारतात, "तुम्ही काय घेताय?"

मी म्हणतो, "मिसळ."

"मग मला पोहे."

नाशकात राहून मिसळ न खाणारा माणूस! मला त्यांची कीवच यायची.

एका रविवारी त्यांचे जुने को-पायलट आले होते, तेही आमच्याबरोबर आले. दोघं नोकरीवर तोंडसुख घेत होते.

"पोरं कधी मोठी झाली, कळलंच नाही," कॅप्टन म्हणाले. "त्यापेक्षा शाळेत मास्तर झालो असतो तर बरं. आता ते विमान डोक्यातून पार काढून टाकलंय."

तेवढ्यात वेटर आला. पाहुण्यांनी मिसळ सांगितली, मीही. कॅप्टन म्हणाले, "मला पोहे."

पाहुणे खो खो हसले. "अजून?" मग मला म्हणाले, "अहो, दोन्ही पायलटनी एकच पदार्थ खायचा नसतो. एकाचं पोट बिघडलं, तर दुसऱ्याला विमान उतरवता आलं पाहिजे."

मी कॅप्टनांकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला मिसळ आवडते?"

"फार," ते म्हणाले. "पण तुम्हाला काही झालं, तर घरी कोण नेणार?"

आमची बिल्डिंग हॉटेलाच्या समोरच आहे.

पुढच्या रविवारी, त्यांनी विचारायच्या आत, मी पोहे सांगितले. कॅप्टनांनी तीनदा रस्सा मागवला. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.