पट्टी काढायला अर्धा तास लागतो

कुंडलिकनाना गेल्याचं मला दहाव्याच्या दिवशी कळलं. मिरजगावहून त्यांच्या मुलाचा, सुभाषचा फोन आला. म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर सापडंना, म्हणून उशीर झाला." दुसऱ्याच्या कागदातल्या चुका शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्या माणसाला स्वतःच्या वहीत माझा नंबर धड लिहून ठेवता आला नाही. मी फोनवरच चिडले. सुभाष बिचारा ऐकून घेत राहिला. फोन ठेवल्यावर रडू आलं... पण राग काही जाईना. हा माणूस पहिल्या दिवसापासून मला असाच छळत आला होता.

नगरच्या कचेरीत मी नकाशांच्या प्रती काढायची आणि नाना मोजणीवर होते. मी बाविशीची, भिंगारहून सायकलवर यायची. अक्षर सुंदर, आणि त्याचा तोरा त्याहून मोठा. नानांच्या खिशात कायम मेण लावलेला एक काळा दोरा असायचा. नकाशावरच्या रस्त्याच्या वळणावळणाने तो दोरा बसवायचा, नखाने खूण धरायची, मग सरळ करून किती इंच भरतो ते बघायचं. एवढ्यावर गप्प बसतील तर शपथ. माझी कुठलीही प्रत हातात घेतली की पहिला प्रश्न, "बाई, पट्टी कुठं हाय?" पट्टी म्हणजे मैलांचे भाग पाडून नकाशाच्या तळाशी काढतात ती रेघ. नीट काढायची तर अर्धा तास जातो. मी म्हणायची, "नाना, खाली लिहिलंय ना, एक इंच बरोबर एक मैल. मग रेघ कशाला?" त्यावर ठरलेलं उत्तर, "नकाशा बारीक झाला की पट्टी बी संगं बारीक हुती. अक्षर हाय तसंच ऱ्हातं. त्याला काय कळतंय?" हे मी रोज ऐकलंय. चहा पितानासुद्धा ऐकलंय.

बहात्तरच्या दुष्काळात जामखेड तालुक्यातल्या एका वस्तीसाठी खडी फोडायचं काम काढायचं होतं. साहेबांचा दंडक एकच, कामावर पोचायला बायकांना तीन मैलांच्या वर चालायला लागता कामा नये. मूळ नकाशा टेबलाएवढा, फायलीत मावेना. दौऱ्यावर निघताना नाना सांगून गेले, "निम्मा करा. आन पट्टी काढा, बाई. इसरू नका." दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा तेच सांगितलं. मला इतका वैताग आला की मी मान वर करून पाहिलंही नाही.

नकाशा लहान करायला लाकडी दांड्यांचं एक यंत्र असतं. एका टोकाने मूळ रेघ गिरवली की दुसऱ्या टोकाची पेन्सिल तीच रेघ निम्मी काढते. दोन दिवस मान मोडून मी ओढे, रस्ते, वस्त्या सगळं निम्मं केलं. आणि खाली सुरेख अक्षरात, मुळात होतं तसंच लिहून टाकलं, एक इंच बरोबर एक मैल. खरं तर आता एका इंचात दोन मैल बसत होते. मुळातली पट्टी यंत्राने गिरवायला घेतली असती तर एक मैल अर्ध्या इंचात आलेला दुसऱ्याच मिनिटाला दिसला असता. पण साडेपाच वाजत आले होते. वस्तीपासून खडीच्या खाणीपर्यंत माझ्या नकाशावर तीन इंच भरले, साहेबांनी सही केली आणि काम सुरू झालं.

आठवड्याने नाना धुळीने माखलेले थेट माझ्या टेबलाशी आले. "बाई, ह्ये तीन मैल न्हाईत. सहा हायेत." मी म्हटलं, "नकाशात बघा." ते म्हणाले, "बायांसंगं चालून आलोय. निम्म्या बाया दुसऱ्या दिशी आल्याच न्हाईत." मी हट्टाला पेटले. मग मला घेऊनच गेले. सकाळी वस्तीवरून बायकांबरोबर आम्ही निघालो. नाना पावलं मोजत होते, दर शंभर पावलांना एक खडा या खिशातून त्या खिशात. एके ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "तुमचं तीन मैल हितं संपलं." पुढे नुसतं उजाड माळरान. खाण कुठे दिसतही नव्हती. तान्हं पोर पाठीशी बांधलेली सोनाबाई माझ्या शेजारून चालत होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "बाई, कुनी मोजलं वो ह्ये?" नाना म्हणाले, "आमीच." परतताना ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चार दिवसांत काम वस्तीजवळच्या टेकाडावर आलं. सोनाबाई पुन्हा येऊ लागली, हे नानांनीच सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, साहेब धांदलीत विसरले असतील. नाना मात्र विसरले नाहीत. माझ्या लग्नात आहेर म्हणून लाकडी फूटपट्टी दिली, सासरच्या माणसांसमोर. मी लाजेने अर्धी झाले. पुढे त्यांची बढती वर्षानुवर्षं अडली, तेव्हा मीच त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "नाना, या हट्टी स्वभावापायी तुम्ही मागे राहिलात." ते हसले आणि म्हणाले, "आसंल बाई." मग विचारलं, "कालच्या नकाशाला पट्टी काढली का?"

परवा मी मिरजगावला गेले. सुभाषने एक लिफाफा हातात ठेवला, वर माझं नाव. आत तो काळा दोरा, माझ्या त्या निम्म्या नकाशाभोवती गुंडाळलेला. आणि एक पिवळा पडलेला कागद, साहेबांनी विचारलेल्या खुलाशाला नानांनी दिलेल्या उत्तराची प्रत. "प्रमाण बदलण्याची व पट्टी काढण्याची सूचना देण्याचे माझ्याकडून राहून गेले. सबब चूक सर्वस्वी माझी आहे."

राहून गेलं म्हणे. दारातून परत येऊन ज्याने दुसऱ्यांदा सांगितलं, त्याचं सांगायचं राहून गेलं. बढती कशाने अडली, ते मला आत्ता कळलं. मी सुभाषच्या ओसरीवरच बसून राहिले. नानांवर मी इतकी कधीच चिडले नव्हते. भांडायला तरी राहायचं होतं ना, नाना...

घरी आल्यावर तो नकाशा टेबलावर पसरला. आहेराची फूटपट्टी अजून खणात आहे, ती काढली. दोनदा खोडावं लागलं. पण तळाशी रेघ आखली, एका इंचात दोन मैल असे भाग पाडले आणि वस्तीपासून खाणीपर्यंत दोरा बसवून पाहिला. बरोबर सहा भरले. अर्धा तास लागला.