बोंडल्याचा तळ

माझी बायको शांता आणि मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. नालवाडीत, घरच्या अंगणात. सोलता सोलता मी तिला एका लेकराचं सांगत होतो. नाव-गाव नाही सांगितलं. एआरटी सेंटरवर अटेंडंट आहे मी, तिथली नावं घरी न्यायची नसतात.

एआरटी सेंटर म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ती जागा. आजार असलेल्या बाईला लेकरू झालं, की सहा आठवड्यांनी त्याच्या टाचेला सुई टोचतात. रक्ताचे थेंब जाड कागदावर घेऊन सुकवतात आणि लॅबला पाठवतात. साधी टेस्ट चालत नाही. आईच्या रक्तातल्या खुणा लेकराच्या अंगात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून त्या थेंबात खुद्द विषाणू शोधतात. या लेकराचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दुसरं सॅम्पल घेतलं आणि त्याच दिवशी दवाई सुरू.

मी डॉक्टर मॅडमला विचारलं, "दुसरा रिपोर्ट यायचा हाय न? मंग घाई काऊन?"

"काका, मोठ्या माणसात हा आजार बळावायला वर्षं घेतो. तान्ह्या लेकरात महिनेच."

दुसरा रिपोर्टही पॉझिटिव्हच आला. पाण्यात विरघळणारी गोळी सहा महिने चालली. मग विषाणू मोजला, तर भरपूर. आई म्हणे, एक डोस चुकला नाही. मॅडमला पटेना. दवाई बदलायची बोलणी सुरू झाली, आणि एवढ्याशा लेकराला चालतील अशा दवाया मोजक्याच.

शांतानं शेंग फोडली. "कशात पाजते थे?"

"मले काय माहीत!"

"इतकी वर्सं दवाखान्यात काय झाडूच मारला? विचारा न तिले."

दुसऱ्या दिवशी दुपारी शांता गेली. हृदय बंद पडलं.

तेरवी करून ड्युटीवर आलो, तर ती आई बाकावर लेकरू घेऊन बसलेली. विचारलं.

"बोंडल्यात, काका. माही माय पाजते."

बोंडलं म्हणजे लेकराला पाजायची चोचीची वाटी. सकाळी मायनं पाजलं आणि तसंच पिशवीत टाकलं होतं. मी उजेडात धरलं. तळाला दवाईचा पांढरा थर. चोचीतही.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "पाणी टाकून तेही पाजायचं, हे सांगतो ना आपण!"

"सांगतो न. पन हिले सांगतो. पाजते हिची माय."

ती पोरगी म्हणाली, "तुमीच सांगा तिले. माहं नाई आयकत."

दवाई तीच ठेवली. तीन महिन्यांनी विषाणू मोजला, तर सापडेना इतका कमी. गोळी कोणाच्या हातात दिली हे रजिस्टरला असते. पाजते कोण, कशात, हे नसते.

पण ते मागून. बोंडलं पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सेलूला जाऊन तिथून पुढची पहिली गाडी धरली. त्या पोरीचं गाव बोर धरणाच्या बाजूला. नाव इथंही नाही सांगत. तळाचा थर पाण्यानं धुऊन तोही पाजायचा, सांगितलं, तर तिची म्हातारी माय भडकली.

"चार लेकरं वाढवले म्या! तुमी कोन शिकवनारे?"

"म्या नाई शिकवत. माह्या बायकोनं विचारलं होतं, कशात पाजते म्हून."

"मंग तिलेच आनाचं होतं."

"नाई येत आता थे. गेली."

म्हातारीनं सकाळचं बोंडलं उचललं. त्यात दोन चमचे पाणी घातलं, खळखळ हलवलं आणि लेकराच्या तोंडाला लावलं.