वसंताच्या मायचा जबाब

वकिली केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तारीख घ्यायला जावं, तर तिच्यासोबत एखादा किस्सा पदरात पडतोच. हे सगळे मात्र एकट्या रशीद पिंजाऱ्याच्या केसमधले. अमरावतीच्या कोर्टात मी त्याचा वकील. आरोप असा, की भांडणाच्या रागात त्यानं शेजारच्या वसंताच्या कापसाला आग लावली. भाव नाही म्हणून तेव्हा घरोघरी कापूस पडून होता. जामीन फेटाळला आणि रशीद आतच राहिला.

*

पोलिसांचा पंच म्हणजे ठाण्यासमोरचा पानठेलेवाला. रशीदच्या घरून जप्त केलेला रॉकेलचा डबा त्याला ओळखायचा होता.

"साहेब, माह्या सहीचे लय डबे हायेत. यातला कोणता म्हणता?"

कोर्टात कोणी हसलंही नाही. सगळ्यांना सवय होती.

*

साक्षी संपल्या, युक्तिवादाची तारीख लागली. कॅन्टीनमध्ये तपास केलेले जमादार भेटले. चहा फुंकत सहज बोलून गेले, "वसंताच्या मायनं तं वेगळंच सांगतलं होतं बा. विजेची तार तुटली म्हणे."

मी विचारलं, "तिचा जबाब कुठंय?"

"घेतला नं. आपल्या कामाचा नव्हता, म्हणून चार्जशीटले लावला नाही."

"आरोपीच्या कामाचा होता ना?"

"मंग त्याचं काम आमी काहून करावं?"

*

सरकारी वकील काळेसाहेब सज्जन माणूस. "पोलीस मला देतात, तेवढंच मी तुम्हाला देतो," म्हणाले आणि कपाळाला हात लावला. मग जबाब मागवून माझ्या हातात दिला.

*

जमादाराला परत बोलवा, म्हातारीची साक्ष घ्या, असा अर्ज केला. जजसाहेब वैतागले.

"आता शेवटाला? इतके दिवस काय केलं वकीलसाहेब?"

"तारखा केल्या, साहेब."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि अर्ज मंजूर केला.

*

म्हातारीचं समन्स 'मिळून येत नाही' म्हणून परत आलं. आगीनंतर ती बडनेऱ्याला लेकीकडे गेलेली. शेवटी मीच शोधून पत्ता आणला. समन्सवाला शिपाई तो वाचून म्हणाला, "हे म्हातारी तं माह्याच गल्लीत राह्यते. रोज रामराम होते."

"मग दिलं का नाही बाप्पा?"

"समन्सवर गावचा पत्ता व्हता नं."

मी नवा पत्ता लिहून दिला आणि घरी जाऊन झोपलो.

*

म्हातारी आली. काठी टेकत पिंजऱ्यात उभी राहिली. "तार तुटली, ठिणग्या कापसावर पडल्या. माह्या डोयानं पाह्यलं."

वसंता मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

काळेसाहेबांनी हळूच विचारलं, "मग इतके दिवस गप्प का राहिलात, आजी?"

"गप्प काहून? जमादाराले तवाच सांगतलं. मले वाटलं, सुटला असन पोरगा."

मग ती वळली. दोन पोलिसांच्या मधे रशीद उभा होता. दाढी पांढरी झालेली. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काहून रे रशीद, तू अजून घरी गेलाच नाही?"