ब्राझीलहून आलेले सात खंड

पत्र आलं तेव्हा ऑफिसात ते कुणालाच वाचता येईना. जाड पिवळसर कागद, त्यावर शाईचं एक अक्षर नाही, नुसते उठलेले ठिपके. जगभरच्या ग्रंथालयांची बाजू मांडणारी ती संस्था, हेगमधल्या तिच्या ऑफिसात अकरा माणसं, त्यांना मिळून नऊ भाषा येत होत्या. पण ब्रेल वाचणारं एकही माणूस नव्हतं. संचालक फ्लोरिस यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि यिक्के पोस्ट्माच्या टेबलावर ठेवला.

"बघा काय करता येतं ते. नाहीतर द्या पाठवून अंधशाळेत."

यिक्के तिथली टायपिस्ट. मूळची फ्रीसलंडच्या एका खेड्यातली, पन्नाशी उलटलेली, एकटी राहणारी. आपल्याकडे आलेलं पत्र दुसऱ्याच्या दारात टाकणं तिला बरं वाटेना. तिने ब्रेल अक्षरांचा एक तक्ता मिळवला आणि जेवणाच्या सुट्टीत सँडविच बाजूला सारून एकेक ठिपका ताडून पाहू लागली. तिसऱ्या दिवशी पत्र उलगडलं.

'मी रॉटरडॅमला राहते. मूळची केप व्हर्देच्या साओ निकोलाऊ बेटावरची. तिथे शाळेत शिकवत होते. आमच्याकडच्या एका मास्तरांनी बेटावर पोर्तुगीजमध्ये पुस्तक लिहिलं, त्यात माझ्या गावचं खोरं आहे. ब्राझीलच्या अंधांच्या ग्रंथालयात त्याची ब्रेल प्रत आहे, पण कायद्याने ती देशाबाहेर पाठवता येत नाही म्हणतात. छापणारी संस्था कधीच बंद पडली, मग परवानगी मागायची कुणाकडे? तुम्ही ग्रंथालयांची बाजू मांडता असं ऐकलं. माझीही मांडा. दिओलिंदा फोर्तेस.'

हे २००४ सालचं. यिक्केने उत्तर पाठवलं, तेही ब्रेलमध्ये, एकेक ठिपका हाताने टोचून. त्यात चुका इतक्या होत्या की दिओलिंदाबाईंनी त्या दुरुस्त करून पत्र परत पाठवलं. खाली एक ओळ जास्तीची होती: 'प्रयत्न चांगला आहे. सराव ठेवा.'

त्यानंतर दोघींची पत्रं चालू राहिली. यिक्के कामाचं सांगायची आणि बाई बेटाचं. मका पेरायचे दिवस, वाऱ्याने वाकलेली झाडं, शाळेच्या भिंतीवर उमटलेले पोरांचे हात. काचबिंदूने डोळे जाण्याआधीच बाईंनी बेट सोडलं होतं, म्हणून ते त्यांना अजून स्वच्छ दिसायचं. 'रॉटरडॅम मात्र मी धुक्यातच पाहिलं,' असं त्यांनी एकदा लिहिलं होतं.

जिनिव्हाला वर्षातून दोनदा देशांची समिती बसायची. अंधांसाठी केलेली पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ द्यावीत की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं चर्चा चालली होती. यिक्के फ्लोरिस यांच्याबरोबर जायची ती कागदांचे गठ्ठे घेऊन, आणि बसायची शेवटच्या रांगेत. एका खेपेला फ्लोरिस यांचं निवेदन टाइप करताना तिने त्यात दिओलिंदाबाईंचं पत्र घातलं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"आकड्यांनी कुणी मान वर करत नाही हो. या बाईंमुळे करतात का बघू."

फ्लोरिस यांनी पत्र वाचून दाखवलं. त्या दिवशी बऱ्याच माना वर झाल्या. मधल्या वेळात कॉफीच्या रांगेत एका देशाचे प्रतिनिधी यिक्केच्या शेजारी आले.

"ती शिक्षिका खरंच आहे का हो? की तुम्हीच रचलीत?"

"मी टायपिस्ट आहे. मी रचत नाही."

"तुम्ही भेटलाय तिला?"

यिक्के कॉफीचा कप घेऊन पुढे सरकली. पाच वर्षं पत्रं चालू होती आणि हेगहून रॉटरडॅम गाडीने अर्ध्या तासाच्या आत. भेटायचं का राहिलं, ते तिचं तिलाच सांगता येईना. कदाचित पुस्तक हातात नसताना जायची तिला लाज वाटत असावी.

पुढच्या रविवारी ती रिकाम्या हाताने गेली. दार बाईंच्या मुलीने, झुल्मिराने उघडलं. आत मका-घेवड्याची कशुपा शिजत होती. दिओलिंदाबाई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र, हात मांडीवर.

"ये. बोल काहीतरी. तुझे ठिपके ओळखते, आवाज नाही ओळखत."

"बाई, पुस्तक नाही आणलं मी."

"ते मला ठाऊक आहे. जेवून जा. आणि तुझ्या गावाकडची भाषा बोल बघू, ही इथली नको."

यिक्के फ्रिसियनमध्ये दोन-तीन वाक्यं बोलली. आई गेल्यापासून ती भाषा तिच्या तोंडी आलीच नव्हती. बाईंना एक शब्दही कळला नाही, तरी त्यांनी तिला आणखी बोलायला लावलं. आपल्याच घशातून ते जुने आवाज येताना ऐकून यिक्केने जेवणाकडे लक्ष आहे असं दाखवलं.

२०१३ साली अंधांची पुस्तकं देशाबाहेर जाऊ देणारा करार झाला. सभागृहात लोक उभे राहून एकमेकांना मिठ्या मारत होते. यिक्केने बाहेर येऊन रॉटरडॅमला फोन लावला.

"मग कधी येतंय?" बाईंनी विचारलं.

"आता युरोपाने मान्यता द्यायची बाकी आहे."

"म्हणजे कधी?"

"लवकरच, बाई."

त्या लवकरला पाच वर्षं लागली. मधल्या काळात यिक्के निवृत्त झाली. फ्लोरिस यांनी निरोपाला ट्यूलिपचा गुच्छ दिला आणि म्हणाले, "ते तुमचं पुस्तक अजून आलं नाही ना." करारावर सह्या करणारे पुष्कळ होते, पण पुस्तकाची आठवण ठेवणारे हे एकटेच. तिला ते फार लागलं, आणि बरंही वाटलं.

२०१९च्या मार्चमध्ये पेटी आली. सात जाडजूड खंड. यिक्के इथल्या अंधांच्या ग्रंथालयातून ती टॅक्सीने घेऊन गेली आणि पहिला खंड उघडून बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंची बोटं ओळीवरून गेली, परत मागे आली, पुन्हा गेली.

"झुल्मिरा," शेवटी त्या म्हणाल्या, "यावर काही आहे का गं?"

मधुमेहाने आईची बोटं बधिर होत चालली होती हे झुल्मिराला माहीत होतं. अलीकडे आई पत्रं तिलाच सांगून टाइप करून घ्यायची. पण एवढं झालं असेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती उठून आत गेली.

यिक्केने खंड स्वतःकडे ओढला. तिला पोर्तुगीज येत नव्हतं, पण ठिपके येत होते. ते डोळ्यांनी पाहत ती एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचू लागली.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "तो उच्चार नाकातून. पुन्हा."

तेव्हापासून दर मंगळवार आणि शुक्रवार. यिक्के अर्थ न कळता वाचायची आणि बाई ऐकून तो तिला सांगायच्या. कधी एका दिवसात वीस पानं व्हायची, कधी पाचही नाहीत. खोऱ्याचं प्रकरण सहाव्या खंडात होतं. यिक्के म्हणाली, "बाई, आधी तेच वाचू या."

"धडा मधूनच सुरू करायचा नसतो. मी जन्मभर पोरांना तेच सांगितलं."

"पण..."

"वाच गं. घाई काय आहे."

घाई होती, आणि दोघींनाही ते माहीत होतं. ऑक्टोबरात चौथा खंड निम्मा झाला असताना दिओलिंदाबाई गेल्या.

दफनानंतर आठवड्याने ग्रंथालयातून यिक्केला फोन आला. लक्झेंबर्गला एक अंध गृहस्थ आहेत, साओ निकोलाऊचेच, ते पुस्तकासाठी थांबलेत. खंड कधी पाठवाल?

"आठ दिवस द्या," ती म्हणाली.

ती झुल्मिराकडे गेली आणि तिने पेटीतला सहावा खंड काढला. झुल्मिरा तीन वर्षांची असताना बेट सुटलेलं. तिला पोर्तुगीज ऐकून समजायचं, बोलायला जमायचं नाही. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. यिक्के वाचत गेली, झुल्मिरा तिला अर्थ सांगत गेली. डोंगराचे कडे, कॉफीची चार झाडं, घंटा नसलेलं चर्च, गावातल्या घरांची नावं. चार दुपारी गेल्या तेव्हा प्रकरण संपलं.

"ओढा कुठे आहे यात?" झुल्मिराने विचारलं.

"कुठला ओढा?"

"आई नेहमी सांगायची. शाळेमागे ओढा होता, त्यात पाय सोडून बसायची ती. मास्तरांनी लिहिलाच नाही."

यिक्केने शेवटची दोन पानं पुन्हा वाचली. ओढा नव्हता. राहिलेल्या तीन दिवसांत तिने सातवा खंडही चाळला, बाईंनी शिकवलेला पाण्याचा शब्द दिसला तिथे थांबून. समुद्र होता, विहिरी होत्या, दुष्काळ होता.

सोमवारी दोघींनी मिळून पेटी बांधली. लक्झेंबर्गच्या गृहस्थांचं नाव यिक्केने वर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आत पहिल्या खंडावर एक चिठ्ठी ठेवली, ब्रेलमध्ये, एकेक ठिपका टोचून: 'शाळेमागे ओढा होता का, आठवत असेल तर कृपया कळवावं.'